आज तुमच्या बाजूनं चालू केलं, मामा

मामा, तुमच्या तेरवीची पत्रिका मीच कंपोज केली. बदनापुरातल्या निम्म्या घरांची लग्नं आणि तेरव्या मी याच टेबलावर जुळवल्या, मग स्वतःच्या सासऱ्यांची पत्रिका बाहेर कुणाला देणार? फोटो तोच टाकला, टोपी जरा वाकडी असलेला. "टोपी सरळ करता येती का त्याच्यात?" असं ह्यांनी विचारलं. येते, पण मी केली नाही. बाकी मजकूर सगळा मी टाइप केला, जन्म, नोकरी, निवृत्ती, शोकाकुल परिवार, वेळ आणि स्थळ. फक्त तुमच्या नावाची जागा मोकळी सोडली आणि खुर्चीतून उठले. ह्यांना काही सांगावं लागलं नाही. तुमचा मुलगा खुर्चीत बसला, एका बोटानं अक्षरं शोधत त्यानं वडिलांचं नाव टाइप केलं आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग मी परत बसले, नावाची अक्षरं मोठी केली, मध्ये आणली, भोवती चौकट काढली. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही एवढंच, त्याला माउस लावायची बंदी आपल्या घरात नाही.

तुमची माहिती अशी पत्रिकेत सगळी आलेली आहे, ती मी इथे परत उगाळत नाही. मला तुमच्याशी आपल्या भांडणाबद्दल बोलायचं आहे. सासऱ्याचं आणि सुनेचं भांडण म्हटलं की लोकांना शेत आठवतं, दागिने आठवतात. आपलं भांडण कॉम्प्युटर विंडोजवर चालवायचा की लिनक्सवर, यावर होतं. कॉम्प्युटरसाठी विंडोज काय आणि लिनक्स काय, दोन्ही घर चालवणाऱ्या बाया; एका वेळी एकीच्याच हातात स्वयंपाकघर असतं. हे मी पुष्कळांना समजावून सांगितलं, पण अशा गोष्टीवरून एका छपराखाली इतकी वर्षं भांडता येतं हे कुणाला पटत नाही. तुम्ही होता तोवर मलाही त्यात काही नवल वाटत नव्हतं.

सुरुवात आठवते का? ह्यांनी एमआयडीसीतल्या नोकरीतून शिल्लक टाकून माझ्यासाठी कॉम्प्युटर आणला. जालन्याला जाऊन मी डीटीपी शिकले होते आणि घरबसल्या लग्नपत्रिका लावून देणार होते. मशीन पुढच्या खोलीत ठेवलं. पहिल्याच दिवशी अडचण कळली. टेबलापाशी खुर्ची एकच, आणि आपल्या घरात सून सासऱ्यासमोर खुर्चीत बसत नाही. तुम्ही अंगणातून आत येताना खाकरायचे, मी पदर सावरून उठायची. तुम्ही पाणी पिऊन बाहेर जायचे, मी बसायची. तुम्ही पेपर घ्यायला आत, मी उभी. लग्नसराईत एका पत्रिकेला मी इतक्या उठाबशा काढायची की त्यापेक्षा शाळेतली शिक्षा बरी होती.

तुम्ही दोन-चार दिवस बघितलं आणि एका दुपारी खांद्यावर एक उंच लाकडी स्टूल घेऊन आलात. तुम्ही जिथं तुरीचे आणि मुगाचे चाचणीचे प्लॉट बघत नोकरी केली, त्या सरकारी संशोधन केंद्रातल्या जुन्या सामानाच्या लिलावात ते तुम्ही कधीतरी घेऊन ठेवलं होतं. ते माझ्या खुर्चीशेजारी मांडलं, त्यावर चढून बसलात आणि मला म्हणालात, "आता बस."

सासूबाई, म्हणजे आपल्या आत्याबाई, दारातच होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "सासऱ्यापुढं खुर्चीत? लोक काय म्हणतील?"

"अगं, नीट बघ की," तुम्ही म्हणालात. "माझं स्टूल तिच्या खुर्चीहून उंच हाय का न्हाई? मंग ती खालीच बसली. बराबर रिवाजात हाय."

आत्याबाईंनी स्टुलाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या दिवसापासून मी बसूनच काम केलं. मामा, बायकांच्या बाजूनं भाषण करणारे पुरुष मी सभांमधून पुष्कळ ऐकले आहेत. रिवाज न मोडता त्याच्यातूनच सुनेला खुर्ची काढून देणारा माणूस मी एकच बघितला.

स्टुलावर बसल्यावर मात्र तुम्ही नुसते बसणाऱ्यांतले नव्हता. हे काय, ते काय, हे कोणी केलं, हे कुठून आलं. मशीन जोडून देणाऱ्यानं त्यात विंडोज घालून दिलं होतं, आणि ते सगळ्या गावाला देतात तसंच, कुठूनतरी उतरवून घेतलेलं होतं. हे तुम्हाला कळलं त्या दिवशी तुम्ही चहा अर्धा ठेवून उठलात. "म्हंजे चोरीचं बियाणं पेरून राह्यलो आपण?" मी म्हटलं, "मामा, सगळेच असं करत्यात." तुम्ही म्हणालात, "सगळे करत्यात म्हणून तर इचारतो."

मग जालन्याच्या स्टेशनवरून तुम्ही एक कॉम्प्युटरचं मासिक आणलं, त्याच्यासोबत एक सीडी होती. त्या सीडीत लिनक्स. मासिक इंग्रजी. तुम्ही डिक्शनरी मांडीवर घेऊन ते पान पान वाचलंत, आणि एका सकाळी मला असं समजावलंत की आजतागायत मला त्याहून चांगलं कुणी समजावलेलं नाही. "हे बघ उषा. संकरित बियाणं आन् सरळ वाण, दोन्हीतला फरक तर तुला ठावूक हाय. संकरित दरसाली नवं घ्यावं लागतं, घरचं ठेवून पेरलं तर पिकाचा भरोसा न्हाई. सरळ वाणाचं बी घरी ठेवता येतं, शेजाऱ्याला वाटीभर देता येतं, कुणी चोर म्हणत न्हाई. हे लिनक्स म्हंजे सरळ वाण. आतलं सगळं उघडं हाय, वाच, बदल, दे कुणाला बी."

मी काय म्हणाले ते तुम्ही पुढं किती जणांना हसत सांगितलंत. मी म्हणाले, "मामा, बी घरचं हाय ते खरं. पण उतारा कशाचा जास्त येतो ते बोला. माझे मराठी फॉन्ट त्याच्यात चालत न्हाईत, माझं पत्रिकेचं सॉफ्टवेअर चालत न्हाई, प्रिंटर तर त्याला ओळखीत बी न्हाई. मी पत्रिका काय हातानं लिवू?"

दुसरा कुणी सासरा असता तर मला तोंडाळ म्हणाला असता. तुम्ही खूश झालात. म्हणालात, "मंग दोन्ही पेरू. एकाच रानात, शेजारी शेजारी. वाण कोणता चांगला ते बांधावर भांडून कळत न्हाई, प्लॉट पाडूनच कळतं." आणि माझी एकही फाइल न हलवता तुम्ही त्या मशीनमध्ये अर्धी जागा माझ्या विंडोजला ठेवलीत आणि अर्ध्यात तुमचं लिनक्स घातलंत. त्यासाठी किती दिवस वाचत होतात आणि किती वेळा नुसतं बटणापर्यंत बोट नेऊन मागं घेतलंत, ते मी बघत होते. माझ्या पत्रिका पुसल्या जातील म्हणून तुम्ही जितके घाबरलात, तितके मला वाटतं ह्यांच्या बारावीच्या निकालालाही घाबरला नसाल.

त्यानंतर मशीन चालू केलं की आधी दोन नावांची यादी यायची आणि थोडा वेळ थांबायची. बाण खाली केला की तुमची बाजू. काहीच केलं नाही तर माझी. तुमच्या हातानं बसवलेल्या मशीनमध्ये तुम्ही स्वतःला दुसऱ्या नंबरवर ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणालात, "कमावती तू हाईस. पहिली रांग तुझी." मी स्विच दाबून निवांत चहा टाकायला जायची. तुम्हाला मात्र तुमच्या बाजूला जायचं तर स्टुलावर टपून बसावं लागायचं, क्षण चुकला की माझी खिडकी उघडायची आणि तुम्ही "गेली गाडी!" म्हणून ओरडायचे. हे सुख मला तुम्ही रोज सकाळी दिलंत आणि त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. बोलण्यासारखं ते वाटतच नव्हतं.

आणि संध्याकाळी अंगणात हातपाय धुताना तुमचा ठरलेला प्रश्न. "आज कुणाच्या बाजूनं चालू केलं?" मी म्हणायची, "माझ्या." तुम्ही म्हणायचे, "उद्या बघू."

आता पासवर्डाचं. मामा, तुमच्या हुशारीबद्दल मला शंका नाही, पण या एका गोष्टीत तुम्ही असा घोळ केलात की तो आपल्याच घरात होऊ शकतो. लिनक्सला एक मालकाचा पासवर्ड लागतो. तो कुणाला सुचणार नाही असा ठेवा, असं मासिकात लिहिलेलं होतं. तुम्ही विचार केला, या घरात असा कोणता शब्द आहे जो कुणाच्याच तोंडात येत नाही? आत्याबाई घेत नाहीत, मी घेत नाही, मुलं "बाबा" म्हणतात, गाव "तात्या" म्हणतं. आणि तुम्ही पासवर्ड म्हणून स्वतःचं नाव ठेवलंत. वर मला येऊन सांगितलंत, इतके तुम्ही खूश होता. "तुला सांगून ठेवतो, तुला सांगितलं काय आन् तिजोरीत ठेवलं काय, सारखंच."

मी हसले होते. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

तुम्ही मंठ्याला वन्संकडे गेलात त्याच आठवड्यात प्रेसमधून आलेल्या एका फ्लॉपीतून माझ्या मशीनमध्ये व्हायरस शिरला. माझी बाजू सुरूच होईना. त्यात शेख चाचांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका होती, वेल्डिंगचं दुकान असलेले ते चाचा. मराठीत सगळी लावून झालेली, नुसती जालन्याला प्रेसमध्ये द्यायची राहिलेली. चाचा सकाळीच येऊन ओसरीवर बसले. "बेटी, जुम्मे के पहले बाँटना है. रिश्तेदार सब दूर दूर के हैं." त्यांना काय सांगू? कंपनीच्या कामानं हे नागपूरला गेलेले. मी तुम्हाला वन्संकडे फोन लावला तेव्हा मला रडू येत होतं, ते तुमच्या लक्षात आलं असणार, कारण तुम्ही एकदम नोकरीतल्यासारखं बोलायला लागलात.

"घाबरू नको. तुझी बाजू बंद हाय, माझी तर चालू हाय ना? माझ्या बाजूनं तुझ्या फायली दिसत्यात. तिथून फ्लॉपीवर घ्यायच्या आन् प्रेसला द्यायच्या. चालू कर, बाण खाली."

मी बाण खाली केला. तुमच्या बाजूचा काळा पडदा आला, पांढऱ्या ओळी धावायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. आदल्या दिवशी लोडशेडिंगमध्ये मशीन धाडकन बंद पडलं होतं, त्यामुळे तुमची बाजू दुरुस्ती मागत होती, आणि दुरुस्तीसाठी मालकाचा पासवर्ड.

"टाक मंग," तुम्ही फोनवर म्हणालात.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उषा? टाक की."

"मामा, ते मी कसं टाकू?"

मग तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "आयला, खरंच की."

तुम्ही मला समजवायचा प्रयत्न केलात, ते मला अजून शब्दनशब्द आठवतं. "अगं, नाव तोंडानं घ्यायचं न्हाई, बोटानं टाकायचं हाय." मी म्हटलं, "ते काय येगळं हाय का?" तुम्ही म्हणालात, "इंग्रजीत टाकायचंय. इंग्रजीत कुठला आलाय सासरा?" मी म्हटलं, "मामा, इंग्रजीत बी ते तुमचंच नाव हाय." तुम्ही म्हणालात, "त्या काळ्या पडद्यावर पासवर्डाची अक्षरं दिसत बी न्हाईत. ठिपका सुदिक उमटत न्हाई. दिसत न्हाईत, पण आत पोचत्यात." मागं आत्याबाई उभ्या होत्या. मी कीबोर्डवर बोटं ठेवली होती आणि ती हलत नव्हती. मी काही अडाणी नव्हते, मामा, देव रागावेल असं मला वाटत नव्हतं. पण लग्न होऊन आल्यापासून ज्या गोष्टीभोवती पाय जपून टाकला तिच्यावर एकदम पाय द्यायला पायच तयार होत नाही.

तुम्ही रागावू शकला असता. एका नावासाठी गिऱ्हाईक ओसरीवर बसलंय आणि ही बया हटून बसली आहे. "मी सांगतो ना, टाक," एवढं जोरात म्हणाला असता तर मी टाकलंही असतं, तुमचा शब्द मी कधी मोडला नव्हता. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. म्हणालात, "बरं, ऱ्हाऊ दे. चाचाला चहा दे. मी येतो."

आणि तुम्ही आलात. मंठ्याहून जालना, जालन्याहून बदनापूर, एसटीत उभ्यानं, भर उन्हाळ्यात. दुपार कलताना घरात शिरलात, चपला न काढता स्टुलावर चढलात, अर्ध्या मिनिटात आपलं नाव टाइप केलंत आणि बटण दाबलंत. मशीन "हे दुरुस्त करू का, ते दुरुस्त करू का" विचारत गेलं, तुम्ही हो, हो, हो म्हणत गेलात. मग माझ्या फायली एक एक करून फ्लॉपीवर आल्या. शेख चाचा दारातून बघत होते. सगळा प्रकार त्यांना कळला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे तात्या, इत्ती सी बात? नामइच दबाना था तो मेरेकू बोलना था ना! सुबह से यहींच बैठा हूँ मैं!"

तुम्ही माझ्याकडे बघितलं, मी तुमच्याकडे. हे आपल्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मग तुम्ही स्टुलावरून पडाल की काय इतके हसलात, आणि मी सासऱ्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडून हसले. आत्याबाईसुद्धा पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्याच संध्याकाळी पत्रिका प्रेसमध्ये गेली. प्रेसवाल्याकडे विंडोज होतं आणि माझेच फॉन्ट होते, म्हणून छापून आली. तुमच्या बाजूनं निघाली, माझ्या बाजूनं छापली. प्लॉटात कोणता वाण जिंकला म्हणायचं? तुम्ही म्हणायचे, "माझं नसतं तर निघालीच नसती." मी म्हणायची, "माझं नसतं तर छापलीच नसती." हा वाद आपण किती वर्षं घातला! चाचांच्या घरी वलीम्याला जेवायला बसलो तेव्हासुद्धा घातला.

तुम्ही पासवर्ड बदलतो म्हणालात आणि बदलला नाही. मी दोनदा-तीनदा आठवण केली. "बदलू की, जल्दी काय हाय." त्यानंतर लाइट जाऊन तुमची बाजू अडली की मी तुम्हाला हाक मारायची, तुम्ही हातातलं काम टाकून यायचे, नाव टाकायचे, जायचे. कुरकुर कधी केली नाहीत. एकदा फक्त म्हणालात, "माझं नाव या घरात मलाच घ्यावं लागतं, बघ." ते मला लागलं होतं. पण तुम्ही लागावं म्हणून बोलला नव्हता, तुमच्या बोलण्यात काटा नसायचाच.

जालन्याच्या दवाखान्यात तुम्ही पडून होता तेव्हा मी डबा घेऊन यायची. बोलायला तुम्हाला त्रास व्हायचा. पण तुमचा प्रश्न चुकला नाही. "आज कुणाच्या बाजूनं?" मी खोटं बोलून तुम्हाला खूश करू शकले असते. नाही केलं. "माझ्या," मी म्हणायची. तुम्हाला बरं वाटायचं, ते दिसायचं. मी खोटं बोलायला लागले असते तर तुम्ही ओळखलं असतं की तब्येत हाताबाहेर गेली. एक दिवस तुम्ही म्हणालात, "पासवर्ड बदलायचा राह्यला." मी म्हटलं, "घरी आल्यावर बदला." तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "मंठ्याला गेल्तो तर आलो. सगळीकडून एसटी न्हाई ना." मी तुम्हाला गप्प बसवलं. असलं काही बोलायचं नाही म्हणाले, डब्याचं झाकण लावलं आणि बाहेर जाऊन नळाखाली बराच वेळ तेच झाकण धूत राहिले. तेव्हा मला तुम्हाला सांगायचं होतं की तुमच्या स्टुलामुळे मी या घरात बसायला शिकले. तोंडातून आलं नाही. आता सांगते.

तेरवी झाली, पाहुणे गेले. काल ह्यांनी मशीनचा विषय काढला. जुनं झालंय, सारखं अडतं, ओळखीचा एक माणूस येऊन सगळं फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देणार आहे, तुझं काम पटापट होईल. ह्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, तुम्हाला ठाऊक आहे तुमचा मुलगा. मी विचारलं, "आन् मामांची बाजू?" हे हळूच म्हणाले, "तिकडं आता कोण बसणार हाय?"

खरंच कोण बसणार होतं? ह्यांना कॉम्प्युटरची आवड नाही, मी इतकी वर्षं त्या बाजूच्या विरोधात वाद घालत आलेली. उद्या तो माणूस येणार, अर्ध्या तासात सगळं साफ करणार. तुमची बाजू उघडेल का, तेवढं तरी एकदा बघावं म्हणून आज सकाळची कामं आवरल्यावर मी मशीनपाशी बसले. स्टूल तिथंच होतं. ते कुणीच हलवलेलं नाही.

यादी आली. मी बाण खाली केला. पांढऱ्या ओळी धावल्या आणि जिथं थांबायच्या तिथंच थांबल्या. तुम्ही दवाखान्यात असताना लाइट कितीदा आली गेली, मशीनकडे कुणी बघितलंय? मालकाचा पासवर्ड. मी सवयीनं मान वळवून हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग तसंच मिटलं.

आत्याबाई आतून आल्या. त्यांना ते काळं पान ओळखू येतं, इतक्या वेळा त्यांनी तुम्हाला त्यासाठी अंगणातून येताना बघितलं आहे. त्या आपणहून स्टुलाला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी लग्नात घेतलं. हळदीकुंकवाला घेतलं, बारशाला घेतलं. उखाणा असतो ना, त्याच्यात घालून घेता येतं. सुनेला सासऱ्याचं नाव घ्यायला उखाणाबी न्हाई गं."

मामा, तेव्हा मला कळलं की तुम्ही पासवर्ड का बदलला नव्हता. कदाचित मी जास्तच अर्थ काढत असेन, तुम्ही नुसता कंटाळाही केला असेल. पण मला ते तसं वाटलं आणि तसंच वाटत राहणार आहे. तुम्ही कुणाला कधी रिवाज मोड म्हणाला नाहीत. ज्याला मोडता येत नाही त्याच्यासाठी शेजारी काहीतरी उंच-सखल मांडून ठेवायचे आणि वाट बघायचे. आधी ते स्टूल मांडलं, मग हा पासवर्ड.

मी डोक्यावर पदर घेतला. तुमचं नाव इंग्रजी अक्षरांत, सावकाश, एक एक करून टाकलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. तुम्ही म्हणाला होतात तसं ठिपकासुद्धा नाही. मी बटण दाबलं, आणि ओळी पुन्हा धावायला लागल्या. मशीन विचारत गेलं, मी हो, हो, हो म्हणत गेले, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला मला एक हात मोकळा मिळेना.

हे सगळं मी आता तुमच्या बाजूला बसूनच लिहिते आहे. माझ्या बोटांना टाइपरायटरची मांडणी सवयीची, तुमच्या बाजूला त्याच बटणांवर अक्षरं वेगळी, त्यामुळे एकेक अक्षर शोधावं लागतंय. तुम्ही पुढं घातलेल्या मराठी फॉन्टात जोडाक्षरं मात्र नीट येतात, हे मान्य करते. प्रिंटर अजूनही ओळखत नाही, तेव्हा छापायला माझ्याच बाजूला यावं लागेल, हे तुम्हीही मान्य करा. ह्यांना सांगितलं आहे, त्या माणसाला येऊ द्या, माझी अर्धी बाजू खुशाल पुसू द्या, नवीन घालू द्या, पण या वेळी चोरीचं नको. तुमच्या बाजूला त्यानं हात लावायचा नाही. तिकडं कोण बसणार, असं हे आता विचारत नाहीत.

सकाळी तुमची बाजू उघडली तेव्हा आत्याबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "घेतलंस?"

"घेतलं."

"मला तर ऐकू न्हाई आलं."

"मला बी दिसलं न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "पण पोचलं."